तापातील आकडी: काय टळते आणि काय टळत नाही

सहा महिने ते पाच वर्षे या वयात, मेंदूला संसर्ग झालेला नसताना, रक्तातील साखर व क्षार यांत बिघाड नसताना आणि पूर्वी कधी तापाविना आकडी आलेली नसताना, केवळ तापाच्या निमित्ताने मुलाला जी आकडी येते तिला वैद्यकशास्त्रात ‘तापातील आकडी’ म्हणतात. मूल एकाएकी ताठरते, डोळे वर फिरवते, दातखिळी बसते, हातपाय लयीत झटकू लागतात, ओठ निळसर पडतात, तोंडाला फेस येतो आणि बहुतेक वेळा दोनचार मिनिटांत सारे थांबून मूल गाढ झोपी जाते. युरोप व अमेरिकेत शंभरातील दोन ते पाच मुलांना पाच वर्षांच्या आत निदान एकदा तरी अशी आकडी येते. जपानमध्ये हे प्रमाण आठच्या आसपास आणि पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर चौदापर्यंत नोंदले गेले आहे. सर्वाधिक आकड्या बारा ते अठरा महिन्यांच्या सुमारास येतात, म्हणजे मूल चालू लागलेले असते, हाती लागेल ती वस्तू तोंडात घालत असते आणि एकामागून एक विषाणूंशी त्याची पहिली गाठ पडत असते. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व लगतची गावे एकत्र करून २००९ साली महानगरपालिका झालेल्या आणि २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर लोकसंख्या गेलेल्या वसई-विरारसारख्या दाट वस्तीच्या शहरात हा प्रसंग दुर्मीळ मानता येत नाही.

या आकडीचे दोन प्रकार मानले जातात आणि पुढचे बरेचसे निर्णय या भेदावर अवलंबून असतात. आकडी साऱ्या शरीराला आली, पंधरा मिनिटांच्या आत थांबली आणि चोवीस तासांत पुन्हा आली नाही, तर ती साधी; एकाच बाजूचा हातपाय झटकत राहिला, पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ गेला, किंवा त्याच दिवसभरात दुसरी आकडी आली, तर ती गुंतागुंतीची. साध्या आकडीमागे बालकाच्या अपक्व मेंदूची उत्तेजित होण्याची सहज प्रवृत्ती आणि आनुवंशिकता ही दोन कारणे असतात. तापाच्या काळात शरीरात सुटणारी दाहकारक रसायने आणि वाढलेले तापमान यांमुळे चेतापेशींमधील उत्तेजन आणि नियंत्रण यांचा तोल काही क्षण ढळतो आणि मेंदू वयाने पक्व झाला की ही प्रवृत्ती बहुतेकांत आपोआप मावळते. आईला, वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला लहानपणी अशी आकडी आली होती का, हे म्हणूनच डॉक्टर आधी विचारतात. ‘आमच्या घराण्यात असे कुणाला नाही’ असे ठामपणे सांगणाऱ्या कुटुंबात आजीला विचारले की पुष्कळदा निराळेच उत्तर निघते.

साध्या आकडीने मुलाचे काय बिघडते, याचे उत्तर दीर्घ पाहणीतून मिळाले आहे आणि ते दिलासा देणारे आहे. अमेरिकेत करिन नेल्सन आणि जोनास एलनबर्ग यांनी गर्भावस्थेपासून नोंद झालेल्या सुमारे ५४,००० मुलांमधून तापातील आकडी आलेली १,७०६ मुले सात वर्षांपर्यंत पाहिली, तर ब्रिटनमध्ये क्रिस्टोफर व्हेरिटी व जीन गोल्डिंग यांनी १९७० साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा असाच मागोवा घेतला. बुद्धी, वर्तन आणि शाळेतील प्रगती यांत ही मुले इतरांच्या मागे पडलेली आढळली नाहीत. पुढे तापाविना वारंवार आकड्या येण्याचा आजार, म्हणजे अपस्मार, जडण्याची शक्यता एरवी साधारण एक टक्का असते आणि एखाददुसरी साधी आकडी आलेल्या मुलातही ती जवळपास तेवढीच राहते. जन्मापासून मेंदूच्या विकासात दोष असणे, आकडी गुंतागुंतीची असणे किंवा घरात अपस्माराचा इतिहास असणे यांमुळे ती वाढते. आकडी पाहणाऱ्या पालकांना मूल दगावले असेच वाटते, आणि त्या भीतीपोटी जे उपचार मागितले जातात ते कित्येकदा आकडीपेक्षा अधिक हानी करतात.

पहिली आकडी येऊन गेल्यावर प्रश्न उरतो तो पुढच्या तापाचा. एकूण मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांना ती पुन्हा येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आलेली असेल तर शक्यता निम्म्यावर जाते, आणि वर्षानंतर आलेली असेल तर तीस टक्क्यांच्या आसपास राहते. अमेरिकेतील अ‍ॅन बर्ग आणि श्लोमो शिन्नर यांच्या अभ्यासातून ही शक्यता वाढवणाऱ्या चार गोष्टी स्पष्ट झाल्या: वय अठरा महिन्यांपेक्षा कमी असणे, सख्ख्या नात्यात तापातील आकडीचा इतिहास असणे, आकडीच्या वेळी ताप फारसा चढलेला नसणे, आणि ताप सुरू झाल्यावर तासाभरातच आकडी येणे. यांपैकी एकही नसलेल्या मुलाला पुढील दोन वर्षांत दुसरी आकडी येण्याची शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी, तर चारही असलेल्या मुलात ती सत्तर टक्क्यांच्या वर जाते. यांतील शेवटच्या दोन गोष्टी वरवर पाहता उलट्या वाटतात. परंतु ज्या मेंदूला अडतीस अंश सेल्सिअसचा ताप आणि अर्धा तासही पुरेसा होतो, त्याची आकडीकडे जाण्याची मर्यादाच खालची असते, आणि खालची मर्यादा पुढच्या तापातही खालचीच राहते.

यानंतर जो उपाय प्रत्येक घरात प्रथम सुचतो तो म्हणजे ताप चढूच द्यायचा नाही. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, घड्याळ लावून दर चार तासांनी पॅरासिटामॉल, रात्री उठून थर्मामीटर, असा पहारा कित्येक आया महिनोन्‌महिने देतात आणि तरीही आकडी आली की स्वतःला दोष देतात. हा दोष त्यांचा नसतो. फिनलंडमध्ये पहिली आकडी येऊन गेलेल्या २३१ मुलांना पुढच्या तापांत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही तापनाशके पूर्ण मात्रेत देऊन, काहींना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय मात्रा देऊन, दोन वर्षे पाहण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आकड्यांच्या संख्येत फरक पडला नाही. ज्या तापांत आकडी आली त्या तापांत पारा सरासरी ३९.७ अंशांपर्यंत गेला होता, आकडी न आलेल्या तापांत ३८.९ पर्यंत, आणि ज्या वेळी आकडी यायची त्या वेळी औषधाने ताप उतरलाच नव्हता. नेदरलँड्समध्ये १९९८ साली आयबुप्रोफेनच्या सरबताचा असाच निष्कर्ष निघाला होता. काही मुलांत तर आकडी हीच तापाची पहिली खूण असते: अंग गरम लागल्याचे घरच्यांच्या ध्यानात येण्याआधीच, किंवा आल्यानंतर तासाभरात, ती येऊन जाते, आणि तेव्हा औषधाची बाटली अजून फडताळातच असते.

जपानमधील २०१८ च्या एका अभ्यासाने या चित्राला थोडा निराळा रंग दिला. आकडी येऊन रुग्णालयात आलेल्या मुलांना त्याच तापात दर सहा तासांनी गुदद्वारावाटे पॅरासिटामॉल दिल्यावर त्याच आजारात दुसरी आकडी येण्याचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आले. म्हणजे चालू तापातील पहिल्या दिवसापुरता लाभ संभवतो. पुढच्या महिन्यातील तापाचे संरक्षण त्यातून मिळत नाही. ताप उतरवायचा तो मुलाला बरे वाटावे, त्याने पाणी प्यावे, झोपावे म्हणून, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. कोमट पाण्याने अंग पुसण्याने थोडा काळ आराम पडतो. बर्फाच्या पाण्याने मात्र कातडीखालील रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडते आणि आतली उष्णता आतच कोंडते. ‘घाम आला की ताप उतरेल’ म्हणून गोधडीत गुंडाळून ठेवण्याची रीत तर कोकणपट्टीच्या दमट हवेत विशेषच जाचक ठरते.

तापाच्या औषधाबाबत भारतीय घरात एक धोका वारंवार संभवतो आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या थेंबांत प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, साध्या सरबतात पाच मिलिलिटरमध्ये १२५, तर जादा शक्तीच्या सरबतात तेवढ्याच पाच मिलिलिटरमध्ये २५०. एका वेळची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला १० ते १५ मिलिग्रॅम धरली, तर दहा किलोच्या मुलाला जास्तीत जास्त थेंबांचे दीड मिलिलिटर, साध्या सरबताचे सहा किंवा जादा शक्तीच्या सरबताचे तीन मिलिलिटर लागतील. थोरल्या भावाची बाटली धाकट्याला, किंवा सरबताच्या मापाने थेंब, असा घोटाळा झाला की मात्रा दुप्पट ते चौपट होते आणि यकृताला इजा होते. ‘ताप लवकर उतरतो’ म्हणून लोकप्रिय झालेल्या मेफेनॅमिक आम्लाबाबत तर आणखी सावधगिरी हवी, कारण त्याची मात्रा वाढल्यास ते स्वतःच आकडी आणू शकते. शिवाय त्याने क्वचित गंभीर स्वरूपाची अंगभर उमटणारी प्रतिक्रिया येते, असा इशारा भारतीय औषधकोश आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला आहे. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे.

सर्दीच्या सरबतांचा प्रश्न याला लागूनच येतो. नाक गळत असताना दिल्या जाणाऱ्या क्लोरफेनिरामिनसारख्या गुंगी आणणाऱ्या औषधांनी आकडी लांबू शकते, आणि जपानच्या बालमेंदूविकार संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत तापातील आकडी येऊन गेलेल्या मुलांना अशी औषधे न देण्याची शिफारस केली. भारतात क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. त्याचे कारण निराळे, म्हणजे लहान मुलांमधील सुरक्षितता हे होते, परंतु आकडीची प्रवृत्ती असलेल्या मुलाच्या पालकांना तो दुहेरी उपयोगाचा आहे. पुनरावृत्ती रोखण्याच्या खटपटीत नवे औषध काय द्यावे याची चर्चा फार होते आणि घरातले कोणते औषध बंद करावे याची फारच थोडी.

मग आकडी रोखणारे औषध रोज द्यावे काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक डॉक्टरांनी असेच केले. फेनोबार्बिटोन रोज द्यायचे आणि दोनतीन वर्षे चालू ठेवायचे, हा परिपाठ होता. मग १९९० साली जॅकलिन फारवेल आणि सहकाऱ्यांनी २१७ मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. दोन वर्षांनंतर फेनोबार्बिटोन दिलेल्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक निष्क्रिय मात्रा दिलेल्या गटापेक्षा ८.४ अंकांनी कमी भरला, औषध थांबवल्यावर सहा महिन्यांनीही फरक ५.२ अंकांचा राहिला आणि आकड्या मात्र लक्षणीयरीत्या कमी झाल्या नाहीत. सोडियम व्हॅल्प्रोएटने आकड्या कमी होतात, परंतु दोन वर्षांखालील मुलांत यकृताच्या प्राणघातक बिघाडाचा धोका असतो. फेनिटोइन आणि कार्बामॅझेपिन यांचा तर उपयोगच होत नाही. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २००८ साली साध्या आकडीसाठी रोजचे किंवा तापापुरतेही औषध देऊ नये, असे स्पष्टपणे म्हटले. निरुपद्रवी आजाराला सोपद्रव औषध देण्याचा हा अध्याय बालवैद्यकाच्या इतिहासात अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

तापापुरते औषध देण्याची कल्पना यापेक्षा समंजस होती. अमेरिकेत रोझमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ४०६ मुलांमध्ये ताप असेपर्यंत दर आठ तासांनी तोंडावाटे डायझेपाम देऊन आकडीचा धोका ४४ टक्क्यांनी कमी केल्याचे दाखवले. त्याची किंमत म्हणून दहापैकी जवळपास चार मुलांना झोकांडी जाणे, सुस्ती किंवा चिडचिड असे त्रास झाले. सुस्तीचा दुष्परिणाम केवळ गैरसोयीचा नसतो: मूल निपचित पडले आहे ते औषधाने की मेंदूज्वराने, हे ओळखणे त्यामुळे अवघड होते. भारतात या जागी क्लोबाझाम वापरले जाते, कारण त्याने गुंगी कमी येते आणि ते तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात मिळते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी या औषधावर केलेले काम २००५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे भारतातील बालमेंदूविकारतज्ज्ञांची संघटना व भारतीय एपिलेप्सी सोसायटी यांनी २०२२ मध्ये एकत्रित मार्गदर्शक सूचना मांडल्या. तापापुरते क्लोबाझाम प्रत्येक मुलाला द्यायचे नसून सहा महिन्यांत तीन किंवा वर्षात चार वेळा आकडी आलेल्या, किंवा आकडी लांबून औषधाने थांबवावी लागलेल्या मुलासाठी ते राखून ठेवावे, असा त्यांचा रोख आहे. एका साध्या आकडीनंतर ‘पुढच्या प्रत्येक तापात ही गोळी द्या’ असा कागद हाती पडलेल्या पालकांनी तो का दिला, हे डॉक्टरांना विचारावे. उत्तर कधी पटेल, कधी नाही.

अशा रीतीने पुढची आकडी निश्चितपणे टाळणारा निर्धोक उपाय सापडत नाही, आणि तरीही पालकांच्या हाती एक महत्त्वाची गोष्ट उरते: आकडी लांबू न देणे. अमेरिकेतील एका अभ्यासात पहिल्या आकडीच्या कालावधीचे मोजमाप केल्यावर मुलांचे दोन गट पडले; सुमारे ऐंशी टक्के मुलांत ती सरासरी चार मिनिटांच्या आसपास होती आणि उरलेल्यांत चाळीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे पाच मिनिटांत न थांबलेली आकडी आपणहून थांबण्याची आशा झपाट्याने मावळत जाते. अर्धा तास वा अधिक चाललेल्या आकडीनंतर १९१ मुलांच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा काढली असता २२ मुलांत हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात सुजेच्या खुणा दिसल्या, तर साधी आकडी आलेल्या ९६ मुलांत अशी एकही खूण नव्हती. साधी आकडी आणि लांबलेली आकडी यांतील हा फरक ध्यानात घेतला की पुनरावृत्तीच्या प्रतिबंधाचा खरा रोख पाचव्या मिनिटाकडे वळतो.

आकडी आली की मुलाला जमिनीवर किंवा पलंगाच्या मध्यभागी कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचा कपडा सैल करावा, तोंडातील लाळ बाहेर वाहू द्यावी आणि घड्याळ पाहावे. दातांत चमचा घालणे, तोंडात पाणी किंवा औषध ओतणे, हातपाय धरून दाबणे, कांदा वा चप्पल हुंगवणे हे सारे टाळावे. चमच्याने दात मोडतात, पाणी श्वासनलिकेत जाते, आणि कांद्याच्या वासाने आकडी थांबल्याचे जे दाखले दिले जातात त्यांत ती थांबण्याच्याच बेतात होती इतकेच. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केले तर डॉक्टरांना ते शब्दांतील वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडते. पाच मिनिटे उलटली तर नाकात फवारायचे मिडाझोलॅम द्यावे. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, त्याची मात्रा वजनानुसार फवाऱ्यांत लिहून घ्यावी लागते आणि ती दोन्ही नाकपुड्यांत विभागून दिली जाते. दिल्यानंतर श्वासाकडे लक्ष ठेवावे आणि आकडी थांबो न थांबो, मुलाला रुग्णालयात न्यावे. मूल वाढत असल्याने फवाऱ्यांची संख्या दर काही महिन्यांनी बदलते, आणि जुनी चिठ्ठी, मुदत संपलेली बाटली यांची आठवण नेमकी नको त्या वेळी होते.

या औषधाचे मोल वसई-विरारच्या भूगोलात अधिक कळते. शहर रेल्वेमार्गाने पूर्व आणि पश्चिम असे दुभंगलेले आहे आणि इकडून तिकडे जाण्याचा भार मोजक्या पुलांवर पडतो. जुलै २०१८ मध्ये पाणी तुंबून या पट्ट्यातील पश्चिम रेल्वेची वाहतूक बंद पडली तेव्हा रस्तेही पाण्याखालीच होते. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावरील कोळी वस्तीतून किंवा वसईच्या खाडीतील पाणजू गावातून मुलाला किनाऱ्यावर आणायचे तर आधी होडी लागते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर विनाशुल्क रुग्णवाहिका मिळते आणि तिला बोलावणे योग्यच, परंतु पाच मिनिटांच्या हिशेबात कोणतीही रुग्णवाहिका दारी येईल असे धरून चालता येत नाही. ज्या मुलाची आकडी एकदा लांबली आहे त्याच्या घरी फवारा असणे हे म्हणूनच अशा ठिकाणी चैनीचे नव्हे, गरजेचे ठरते.

घरी असणे म्हणजे मूल जिथे असते तिथे असणे, हेही येथे सांगायला हवे. आईवडील दोघेही सकाळची विरार लोकल पकडून चर्चगेटकडे गेले की दिवसाचे दहाबारा तास मूल आजीजवळ, शेजारणीकडे, पाळणाघरात किंवा अंगणवाडीत असते, आणि आकडीला आईच्या सुट्टीचा दिवस ठाऊक नसतो. डॉक्टरांनी आईला समजावलेले सारे आजीपर्यंत पोहोचले नाही तर कांदा आणि चमचा हेच तिचे ज्ञान राहते. एका कागदावर मराठीत, आणि पाळणाघर चालवणारी बाई हिंदीभाषक असेल तर हिंदीत, मुलाचे वजन, तापाच्या औषधाची मात्रा मिलिलिटरमध्ये, मिडाझोलॅमचे फवारे आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे हे लिहून तो औषधासोबत ठेवणे, आणि रिकामा फवारा हाती देऊन एकदा सराव करून घेणे, याला खर्च नाही.

ताप आणि आकडी एकत्र आली म्हणजे ती तापातील आकडीच, असे गृहीत धरण्याचा धोका दुसऱ्या वेळी अधिक असतो, कारण ‘मागेही असेच झाले होते’ हा अनुभव पालकांना आणि डॉक्टरांनाही गाफील ठेवतो. पालघर जिल्ह्यात हिवताप अद्याप आहे आणि त्याचा मेंदूवर चढलेला प्रकार आकडीनेच सुरू होऊ शकतो. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांच्या रक्तातून १९६५ साली वेगळा केलेला आणि त्याच गावाचे नाव मिळालेला विषाणू वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या ज्या साथीत ३२९ मुले आजारी पडून १८३ दगावली तिच्यामागे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला हाच विषाणू आढळला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पालघरला लागून असलेल्या गुजरात राज्यात तो पुन्हा फैलावला. या आजारात सकाळी ताप, दुपारी आकडी आणि रात्री बेशुद्धी इतक्या वेगाने गोष्टी घडतात. आकडी थांबल्यावर तासाभरात मूल आईला ओळखू लागले नाही, मान ताठ राहिली, उलट्या सुरू राहिल्या, टाळू फुगली, अंगावर लालजांभळे ठिपके उमटले किंवा एक हात लुळा राहिला, तर पूर्वीच्या आकडीचा दाखला बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. सहा ते बारा महिन्यांच्या ज्या बाळाच्या हिब आणि न्यूमोकोकसच्या लसी राहिल्या आहेत त्याच्या पाठीतले पाणी तपासण्याचा सल्ला मिळाला, तर ‘पाठीत सुई घातली की मूल लुळे पडते’ या ऐकीव समजापायी नकार देऊ नये. याउलट साध्या आकडीनंतर मेंदूचा आलेख किंवा सीटी स्कॅन काढण्याची सहसा आवश्यकता नसते.

आकडीच्या प्रवृत्तीचा विचार करताना लोहाच्या कमतरतेचाही उल्लेख करावा लागतो. केरळमधील एका अभ्यासासह अनेक ठिकाणच्या पाहणीत, केवळ ताप आलेल्या मुलांपेक्षा तापात आकडी आलेल्या मुलांत लोहाची कमतरता अधिक आढळली आहे. मेंदूतील चेतासंदेशक रसायने तयार होण्यास लोह लागते, हे त्यामागचे संभाव्य स्पष्टीकरण. लोह दिल्याने पुढच्या आकड्या नक्की टळतात असे यावरून सिद्ध होत नाही, पण रक्त तपासून कमतरता भरून काढण्यात तोटाही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमाखाली याच वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-सरबत, म्हणजे २० मिलिग्रॅम लोह, विनामूल्य देण्याची सोय आहे, आणि आकडीची प्रवृत्ती असलेल्या मुलाने ते चुकवू नये. दिवसभर बाटलीने दूध आणि वर चहात बुडवलेले बिस्किट हा आहार बाळ गुबगुबीत ठेवतो खरा, परंतु दुधात लोह नगण्य असते आणि चहा ते शोषू देत नाही. वसईच्या घराघरांत शिजणारे मासे, तसेच अंडे, कलेजी आणि डाळ वर्षाच्या मुलालाही मऊ करून देता येतात.

लसीकरणाचा प्रश्न शेवटी, कारण त्यावरूनच पुष्कळ कुटुंबे चुकीचा निर्णय घेतात. सुमारे ६,८०,००० अमेरिकी मुलांच्या नोंदींवरून २००१ साली असे दिसले की डीपीटीच्या दर एक लाख मात्रांमागे सहा ते नऊ आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीच्या लाख मात्रांमागे २५ ते ३४ जादा आकड्या येतात, आणि या आकड्यांनी पुढे अपस्मार वा विकासातील दोष वाढत नाहीत. भारतातील सरकारी वेळापत्रकात डीपीटीचा समावेश असलेल्या पेंटाव्हॅलंट लसीच्या तीन मात्रा दीड ते साडेतीन महिन्यांत, म्हणजे आकडीच्या वयाआधीच, आटोपतात; गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा नऊ ते बारा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत आणि डीपीटीची पहिली वर्धक मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांत येते, म्हणजे नेमकी जोखमीच्या काळात. यामुळे लस टाळण्याचे कारण उद्भवत नाही. २०२२ च्या अखेरीस शेजारच्या मुंबईत आणि भिवंडीत गोवर उसळला तेव्हा लस राहिलेली मुलेच प्रामुख्याने त्यात सापडली, आणि गोवराचा ताप लसीच्या तापाहून कितीतरी चढा व लांबणारा असतो. दोन लसींच्या तापाची वेळ मात्र निरनिराळी असते, हे आधीच माहीत असावे: डीपीटीचा ताप त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो, तर गोवर-रुबेलाचा पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान, जेव्हा टोचल्याची आठवणही उरलेली नसते. त्या आठवड्यात मूल पाळणाघरात जाणार असेल तर लसीची तारीख तेथील कागदावर लिहून द्यावी, आणि आकडी आल्यास रुग्णालयात जाताना लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे.